फ्लो डायव्हर्टर नीट उघडत नाहीये? पिळलाय? सरकलाय? वायर काढायच्या आधी हे वाचा

कॅरोटिड सायफनमधे (मेंदूकडे जाणाऱ्या आतल्या कॅरोटिड नसेच्या नागमोडी वळणात) फ्लो डायव्हर्टर, म्हणजे अ‍ॅन्युरिझमच्या (नसेला आलेल्या फुग्याच्या) तोंडावरून रक्ताचा प्रवाह वळवणारी विणलेली जाळीची नळी, टाकताय, अर्धा बाहेर आलाय आणि वळणावर मधेच त्याची कंबर बारीक दिसायला लागलीये. किंवा पुढचं (मेंदूकडचं) टोक फुलतच नाहीये. किंवा सगळं छान चाललं होतं आणि अगदी शेवटी मागचं टोक चिमटलेलं राहिलं. न्यूरोइंटरव्हेन्शन शिकणाऱ्या मंडळींकडून हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपात परत परत येतो, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं. टेक्निशियन आणि सिस्टर लोकांनीही वाचा, कारण टेबलाशी काम करणाऱ्या डॉक्टरला पुढच्या मिनिटाला काय लागणार आहे हे मागच्याला आधी कळलं तर सगळ्यांचंच टेन्शन कमी होतं. (पेशंटचे नातेवाईक चुकून इथपर्यंत आले असतील तर घाबरू नका, बहुतेक केसेस यातलं काहीही न होता पार पडतात.)

माझं म्हणणं आधीच सांगतो. डिव्हाईस उघडत नाही तेव्हा सगळे डिव्हाईसला शिव्या घालतात, पण गडबड बहुतेक वेळा त्याच्या मागच्या सिस्टिममधे असते, म्हणजे सपोर्ट कमी, मायक्रोकॅथेटरमधे (डिव्हाईस नेणाऱ्या बारीक नळीत) ताण साठलेला, किंवा साईज चुकलेली. आणि दुसरं, जोवर तुमची वायर डिव्हाईसच्या आतून पलीकडे आहे तोवर जवळजवळ सगळं दुरुस्त करता येतं, ती एकदा निघाली की साधी गोष्ट पण तासाभराची होऊन बसते.

आधी हे कसं उघडतं ते डोक्यात पक्कं करा

अ‍ॅटलाससारखा लेझर-कट नायटिनॉल (मूळ आकार लक्षात ठेवणाऱ्या धातूचा) स्टेंट अनशीथ केला (वरचा कॅथेटर मागे घेतला) की आपला आपण उघडतो, तिथे तुम्ही ढकलून फारसं काही साधत नाही. फ्लो डायव्हर्टर तसा नाही. पाइपलाइन नावाचं डिव्हाईस घ्या, ४८ बारीक तारांचं विणकाम, काही कोबाल्ट-क्रोमियमच्या आणि काही प्लॅटिनम-टंगस्टनच्या, उघडल्यावर साधारण ३० ते ३५ टक्के भिंत धातूने झाकली जाते. विणलेली पोकळ नाडी दोन्ही टोकांनी ओढली की बारीक होते आणि टोकं जवळ आणली की फुगते, तसंच हे. त्यामुळे पूर्ण फुलताना त्याची लांबी निम्म्याच्या आसपास कमी होते, आणि तुम्ही ओढाल तर ते बारीक होणार, ढकलाल तर फुगणार, यात डिव्हाईसची काही चूक नाही. एलव्हीआयएस हा स्टेंट पण विणलेलाच आहे, तिथेही हेच लागू, म्हणून कॉइलिंगला (अ‍ॅन्युरिझममधे बारीक तारा भरताना) सपोर्ट म्हणून एलव्हीआयएस टाकताना अ‍ॅटलासच्या सवयीने नुसतं अनशीथ करत गेलात तर वळणावर तो लांब आणि बारीक राहतो.

आता या एका गोष्टीतून जवळपास सगळ्या तक्रारी निघतात. कंबर बारीक राहिली म्हणजे त्या जागी डिव्हाईस ताणलं गेलंय. वळणाच्या बाहेरच्या बाजूला भिंतीपासून सुटलंय म्हणजे तिथे ढकलणं कमी पडलं. अति ढकललं तर वळणाच्या आतल्या बाजूला तारा गोळा होतात, गोल असायला हवा तो छेद चपटा होतो, ते पण बघायला शिका कारण एकाच व्ह्यूमधे चपटं डिव्हाईस मस्त रुंद दिसतं आणि आपण खुश होतो.

केसच्या आधी

रोटेशनल थ्रीडी रनवर (कॉन्ट्रास्ट देऊन गोल फिरत घेतलेल्या चित्रांवर) मोजमाप घ्या, टूडीवर भरवसा नको. डायमीटर ठरवताना दोन्ही लँडिंग झोनपैकी (डिव्हाईसची टोकं जिथे टेकतात त्या भागांपैकी) मोठा कोणता ते बघायचं, कॅरोटिडमधे तो साधारणपणे मागचा, कॅव्हर्नस भाग असतो. समजा पुढे ३.२ मिमी आणि मागे ४.५ मिमी आहे, तर साईज ४.५ धरूनच बघावी लागते. पाइपलाइन मोकळी सोडली तर लिहिलेल्या मापापेक्षा ०.२५ मिमी जास्त फुलते, तेवढी सवलत आहे. पण पुढच्या अरुंद भागात तेच डिव्हाईस पूर्ण फुलणार नाही, म्हणजे तिथे ते कमी आखडणार आणि जास्त लांबीचं राहणार, आणि तिथली जाळी पण जरा विरळ राहणार. नवीन माणसं बरोबर इथेच फसतात, बॉक्सवरची लांबी ही पूर्ण फुललेल्या डिव्हाईसची असते, तुमच्या पेशंटच्या नसेमधली नाही. नेकच्या (अ‍ॅन्युरिझमच्या तोंडाच्या) दोन्ही बाजूंना किमान ३ मिमी तरी निरोगी नस झाकली गेली पाहिजे, आणि अ‍ॅन्युरिझम मोठा असेल, नस फ्यूजिफॉर्म (चहूबाजूंनी फुगलेली) असेल तर त्याहून बरंच जास्त ठेवा, कारण आखडून आखडून टोक सॅकमधे (अ‍ॅन्युरिझमच्या पिशवीत) पडायची भीती तिथेच जास्त.

सपोर्टचं बोलायचं तर ट्रायअ‍ॅक्सियल (एकात एक तीन नळ्या) शिवाय सुरूच करू नका. लांब शीथ मानेतल्या आयसीएमधे (आतल्या कॅरोटिडमधे) जितकी वर सुरक्षित जाईल तितकी, त्यातून सोफिया किंवा नॅव्हियनसारखा इंटरमीडिएट कॅथेटर पेट्रस-कॅव्हर्नसपर्यंत (कवटीच्या तळातल्या भागापर्यंत), आणि त्यातून ०.०२७ इंचाचा मायक्रोकॅथेटर. वय झालेला, बीपीचा जुना पेशंट असेल तर आर्चच (महाधमनीची कमान) इतकी वाकडी असते की तुम्ही मांडीतून दिलेला धक्का छातीतल्या लूपमधे विरून जातो आणि वर डिव्हाईसला काहीच पोचत नाही. अशा पेशंटमधे रेडियल (मनगटातून) जमतं का ते आधीच बघून ठेवा. डिप्लॉयमेंटच्या मधे उठून सपोर्ट सुधारायला जाणं शक्य असतं, पण दर वेळी जमेलच असं नाही.

आणि एक अगदी आपल्याकडची गोष्ट. डिव्हाईस बऱ्याच ठिकाणी व्हेंडरचा माणूस सकाळी बॉक्स घेऊन येतो. त्याला आदल्या दिवशीच फोन करून सांगा की ठरवलेल्या साईजच्या वरची एक आणि खालची एक, शिवाय जास्त लांबीचं एक, असं सगळं हवंय. कंप्लायंट (मऊ, नसेच्या आकारात फुगणारा) बलून, स्नेअर (पकडायचा तारेचा फास) आणि एखादा साधा सेल्फ-एक्स्पांडिंग स्टेंट लॅबमधे आहे का ते स्वतः उघडून बघा, "आहे सर" या उत्तरावर जाऊ नका. मेडिक्लेमचं प्री-ऑथ एका डिव्हाईसचं असतं आणि दुसरं लागलं तर लाखांचा प्रश्न असतो, म्हणून कन्सेंट घेतानाच नातेवाईकांना सांगून ठेवा की कधीकधी दोन लागतात. पेशंट टेबलावर, अर्धं डिव्हाईस नसेत आणि बाहेर काका-मामा पैशाचं बघतायत, ही वेळ कोणावर येऊ नये.

पुढचं टोक उघडत नाही

सगळ्यात आधी सरळ भागात उघडा. लँडिंग झोन वळणावर असेल तर पुढे एम१ च्या (मेंदूच्या मधल्या नसेच्या सुरुवातीच्या) सरळ भागात टोक फुलवून घ्यायचं आणि मग पूर्ण सिस्टिम हळूच मागे ओढून जागेवर आणायची. पाइपलाइन फ्लेक्समधे पुढचं टोक पातळ पीटीएफईच्या पाकळ्यांखाली धरलेलं असतं, डिव्हाईस थोडं बाहेर आलं की त्या पाकळ्या उलटतात आणि टोक मोकळं होतं. नाही झालं तर घाईने वायर गोल गोल फिरवू नका. अजून काही मिलिमीटर बाहेर काढा, मिनिटभर थांबा, मायक्रोकॅथेटर बारीक पुढे-मागे हलवा. थांबणं हा खरंच उपाय आहे, विशेषतः फ्रेड, सिल्क असे नायटिनॉलचे असतील तेव्हा, पण टेबलावर उभं राहून मिनिटभर काहीच न करणं किती अवघड असतं ते ज्याला माहीत त्यालाच माहीत.

तरीही नाही उघडलं तर री-शीथ करून (डिव्हाईस मायक्रोकॅथेटरमधे ओढून घेऊन) परत. फ्लेक्स ९० टक्क्यांपर्यंत बाहेर आलं असलं तरी आत घेता येतं, आणि असं दोनदाच करायची मुभा कंपनीच्या सूचनेत आहे. दोन वेळा करूनही टोक चिमटलेलंच असेल तर ते डिव्हाईस बाहेर, नवीन घ्या. पैसे वाया गेले म्हणून तेच तेच ओढत बसण्यात अर्थ नाही, वारंवार आत-बाहेर केल्याने तारांची वीण बिघडते आणि मग ते पुढे कधीच नीट बसत नाही. जुन्या लोकांना आठवत असेल, २०११ मधे अमेरिकेच्या एफडीएने पाइपलाइनला मान्यता दिली तेव्हाच्या पहिल्या पिढीत ही सोयच नव्हती, फार तर डिव्हाईसचं फुललेलं टोक मायक्रोकॅथेटरच्या तोंडाशी बुचासारखं अडकवून दोन्ही एकत्र बाहेर ओढायचे.

हे सगळं चालू असताना बायप्लेनचा (एकाच वेळी दोन बाजूंनी दाखवणाऱ्या एक्स-रेचा) एक प्लेन कायम वायरच्या पुढच्या टोकावर ठेवा. सगळ्यांचे डोळे डिव्हाईसवर आणि तिकडे वायरचं टोक एम२ च्या बारीक फांदीत घुसतंय, हे होतं. ज्याला दुसरं काम नाही अशा एकाला फक्त "टोक बघ" एवढंच काम द्या.

वळणावर कंबर, आणि पीळ

ही खरी डोकेदुखी. कंबर दिसली की पहिला प्रश्न, इंटरमीडिएट कॅथेटर कुठे आहे? तो डिप्लॉय करता करता मागे घसरलेला असतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. फ्लोरो (लाइव्ह एक्स-रे) खाली नेऊन बघा. घसरला असेल तर तो आधी वर आणा, मगच पुढचं. दुसरं, मायक्रोकॅथेटर नसेच्या आतल्या बाजूला चिकटलाय की बाहेरच्या? ताण साठला की तो आतला शॉर्टकट घेतो आणि डिव्हाईस पण आतल्या भिंतीला चिकटून ताणलं जातं. अशा वेळी अनशीथ करणं थांबवून पूर्ण सिस्टिमला थोडा पुढे लोड (ढकलणारा दाब) द्या, मायक्रोकॅथेटर बाहेरच्या भिंतीला टेकला पाहिजे, मग डिलिव्हरी वायर ढकला. वायर ढकलणं आणि मायक्रो ओढणं यांचा ताल महत्त्वाचा, सरळ भागात अनशीथ जास्त, वळणावर पुश जास्त. दोन हातांनी एकट्याने करत असाल तर असिस्टंटला इंटरमीडिएट धरायला लावा आणि मोठ्याने बोलत रहा, "लोड देतोय", "ओढतोय", शांत लॅबमधे गडबड जास्त होते असं माझं मत आहे.

एवढं करूनही कंबर राहिली तर ती खरंच डिव्हाईसची आहे की नसेची ते बघा. व्हासोस्पाझम (नस आकसणं) असेल तर बाहेरून हुबेहूब तसंच दिसतं. डिव्हाईसच्या पुढे आणि मागेही नस बारीक झालीये का, इंटरमीडिएटच्या टोकाशी स्पाझम आहे का, असेल तर बीपीवर लक्ष ठेवून हळूहळू आर्टरीतून निमोडिपीन आणि थोडा धीर. स्पाझममधे बलून फुगवणं म्हणजे नसेवर अत्याचार आहे.

पीळ ही वेगळी गोष्ट. कंबर आणि पीळ यात गल्लत करू नका, कारण उपाय वेगळा आहे. मॅग्निफाय करून, सबट्रॅक्शनशिवाय (म्हणजे हाडं आणि डिव्हाईस चित्रातून पुसून न टाकता), दोन्ही प्लेनमधे बघा, कडेच्या दोन गडद रेषा एकमेकींना ओलांडून इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या दिसत असतील तर तो पीळ. अरुंद वळण, गरजेपेक्षा लांब डिव्हाईस, ताणून ठेवलेली सिस्टिम, आणि वायर फिरवायची सवय, हे सगळं एकत्र आलं की होतो. पिळावर बलून चालत नाही, किंवा चाललाच तरी नंतर परत बसतो, आणि पिळलेल्या जागी रक्त अडून क्लॉट होणार हे ठरलेलं. म्हणून पीळ दिसला आणि मागचं टोक अजून सुटलेलं नसेल तर री-शीथ करा, पिळाच्या पलीकडेपर्यंत आत घ्या, सगळा ताण काढा, मग परत उघडा. तिथेच परत पिळला तर बाहेर काढून टाका. मागचं टोक सोडायच्या आधी ही तपासणी केलीच पाहिजे, केस कितीही सोपी वाटली तरी. री-शीथिंग मार्कर (ज्याच्या पुढे गेल्यावर परत आत घेता येत नाही ती खूण) ओलांडायच्या आधी थांबायचं, दोन प्लेनमधे बघायचं, हवं तर एक रन घ्यायचा, मगच पुढे.

मागचं टोक चिमटलंय आणि डिव्हाईस सुटलंय

इथे घाई नको. वायर बाहेर ओढू नका. डिलिव्हरी वायर अजून आतून पलीकडे आहे, तिच्यावरूनच मायक्रोकॅथेटर पुढे ढकलत डिव्हाईसच्या आतून पार न्या. खरं तर सगळं व्यवस्थित असलं तरी हेच करायचं असतं, कारण वायर तशीच ओढली तर तिचं टोक मागच्या तारांत अडकून अख्खं डिव्हाईस सरकू शकतं. बऱ्याचदा मायक्रो मागच्या टोकातून घुसतानाच ते टोक फुलतं, दोनचार वेळा हळू पुढे-मागे केलं की अजून बरं होतं.

मायक्रो पलीकडे गेला की डिलिव्हरी वायर काढून ०.०१४ ची वायर टाका, टोकाला मोठा जे आकार द्या आणि तो जे डिव्हाईसच्या आतून भिंतीला घासत मागे-पुढे फिरवा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला सुटलेलं डिव्हाईस या मालिशनेच बऱ्याच वेळा बसतं. याने भागलं तर बलूनकडे जाऊच नका.

बलून लागलाच तर मऊ, कंप्लायंट, स्केप्टर (०.०१४ च्या वायरवर) किंवा हायपरग्लाइडसारखा (०.०१० च्या वायरवर), आणि नसेच्या मापाच्या पुढे फुगवायचा नाही. हळू फुगवा, कंबर सुटताना दिसली की थांबा, त्याच जागी तीनतीनदा फुगवून समाधान मिळवायची गरज नाही. नुकतंच सोडलेलं डिव्हाईस बलूनसोबत सरकू शकतं, म्हणून फुगवलेल्या किंवा अर्धवट रिकाम्या बलूनला ओढू नका, पूर्ण रिकामा झाल्याचं फ्लोरोवर बघा आणि मग काढा.

वायर आधीच निघून गेली असेल तर परत आत शिरताना सगळ्यात मोठा धोका हा की वायर डिव्हाईस आणि भिंत यांच्या मधून किंवा तारांच्या जाळीतून जाते आणि तुम्हाला वाटतं आत आहे. त्यावर बलून फुगवला तर डिव्हाईस चेपून नस बंद होते. म्हणून वायर सरळ टोकाने कधीच घालू नका, जे करूनच घाला, आणि आत गेल्यावर तो जे पूर्ण लांबीभर न अडखळता फिरतो का ते दोन्ही प्लेनमधे बघा. फिरताना कुठे अडकला, चपटा झाला, तर तुम्ही बाहेर आहात, मागे या. अगदी मोजक्या केसेसमधे समोरच्या बाजूने, कम्युनिकेटिंग आर्टरीतून उलटं येऊन वायर स्नेअरने पकडायची वेळ येते, पण ते वाचून करण्यासारखं काम नाही, तेव्हा सिनियरला फोन लावा, रात्रीचे दोन वाजले असतील तरी लावा.

बलूननेही नाही जमलं तर आतून दुसरा स्टेंट. दुसरा फ्लो डायव्हर्टर टाकण्यापेक्षा बाहेरच्या दिशेने जास्त जोर देणारा साधा नायटिनॉल स्टेंट टाकून बारीक भाग उघडून धरणं जास्त शहाणपणाचं वाटतं मला, धातू पण कमी वाढतो आणि साईड ब्रँचवरचा थर पण.

झालं असं वाटलं की पातळ केलेला कॉन्ट्रास्ट देऊन कोन-बीम सीटी (टेबलावरच होणारा सीटी) करा. साध्या रनमधे सुंदर दिसणारं डिव्हाईस तिथे वळणावर भिंतीपासून सुटलेलं सापडतं. आणि ते तेव्हाच सापडलेलं बरं, वॉर्डात रात्री हात-पाय गेल्यावर नाही.

सरकलं किंवा सॅकमधे पडलं

मापात चूक, लँडिंग कमी, किंवा मोठ्या सॅकच्या तोंडावर आखडत गेलेलं डिव्हाईस, ही कारणं. टोक सॅकमधे उतरलंय पण आतून वायर पलीकडे आहे? मग त्याच वायरवरून दुसरं, जरा लांब डिव्हाईस आत दुर्बिणीसारखं बसवून निरोगी नसेपर्यंत न्यायचं, काम होतं. वायर नसेल आणि टोक सॅकमधे पूर्ण वळलेलं असेल तर सॅकमधून फिरून पलीकडचा रस्ता शोधावा लागतो, जमतं पण वेळखाऊ, आणि तोवर हेपरिन-एसीटी (हेपरिन दिल्यावर रक्त गोठायला लागणारा वेळ) कोण बघतंय हे विसरलं जातं. एसीटी २५० ते ३०० सेकंदांच्या आसपास ठेवायचा असतो, लांबलेल्या केसमधे परत परत तपासा. पूर्णच सुटून पुढे वाहून गेलं तर स्नेअर किंवा अ‍ॅलिगेटरने पकडून काढणं, पण ते विणलेलं डिव्हाईस नसेची भिंत खरवडत येतं, म्हणून इंटरमीडिएट शक्य तितका जवळ नेऊन त्यात ओढून घ्या.

क्लॉट दिसतोय

डिव्हाईसच्या आत फिलिंग डिफेक्ट (कॉन्ट्रास्ट न भरलेली जागा), किंवा पुढचा फ्लो मंदावलेला. आधी स्वतःला विचारा, क्लॉट का झाला? दोनच मुख्य कारणं, डिव्हाईस नीट बसलं नाही किंवा रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळ्या लागू पडत नाहीयेत. पहिलं असेल तर नुसतं औषध देऊन काही होणार नाही, थोड्या वेळाने परत होईल.

औषध म्हणून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टिरोफिबान असतं. हार्टवाल्यांचा जुना ठरलेला डोस म्हणजे ०.४ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट अर्धा तास आणि मग ०.१, किडनी खूप खराब असेल तर निम्मा. न्यूरोमधे बरेच जण याहून कमीवर किंवा थोडं थोडं आर्टरीतून देतात. तुमच्या डिपार्टमेंटचा जो प्रोटोकॉल असेल तो भिंतीवर चिकटवून ठेवा, त्या क्षणी गणित करायला लागू नये. दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून रन घ्या. नव्याने टाकलेल्या फ्लो डायव्हर्टरमधून स्टेंट रिट्रीव्हर (क्लॉट ओढून काढणारा जाळीदार स्टेंट) ओढू नका, तारांत अडकून दोन्ही हातात येतील, अगदीच लागलं तर अ‍ॅस्पिरेशन.

गोळ्यांबद्दल. क्लोपिडोग्रेल लिव्हरमधे जाऊन मग कामाचं होतं, आणि ज्या सीवायपी२सी१९ एन्झाइममुळे होतं ते आपल्या भारतीय लोकांत बऱ्याच जणांमधे मंद असतं. वर अ‍ॅसिडिटीसाठी कोणीतरी ओमेप्राझोल लिहून दिलेलं असतं, ते त्याच एन्झाइमच्या आड येतं, पॅन्टोप्राझोलवर आणा. व्हेरिफायनाऊ (गोळी लागू पडते का बघायची टेस्ट) उपलब्ध असेल तर पीआरयू (तिचा आकडा) केसच्या आधी बघा, २०८ च्या वर म्हणजे गोळी पुरेशी लागू नाही, आणि ६० च्या खाली म्हणजे रक्तस्रावाची भीती वाढली. टेस्ट नसेल आणि शंका असेल तर बरेच जण सरळ टिकाग्रेलोर देतात, पेशंटला दम लागल्यासारखं वाटू शकतं एवढं सांगून ठेवा. प्रासुग्रेल आधी स्ट्रोक किंवा टीआयए झालेल्याला द्यायचं नाही.

फुटलेला अ‍ॅन्युरिझम असेल आणि स्टेंटशिवाय पर्याय नसेल तर ईव्हीडी (मेंदूतलं पाणी बाहेर काढायची नळी) लागणार आहे का ते गोळ्या सुरू करायच्या आधी ठरवा. नंतर कवटीला भोक पाडणं म्हणजे दुसरीच आफत.

वायरने फांदी फोडली

अचानक बीपी चढलं, नाडी मंदावली, अ‍ॅनेस्थेशियाच्या मॅडम ओरडल्या, रन घेतला तर कॉन्ट्रास्ट बाहेर. वायर ओढू नका, कधीकधी तीच भोकात बुचासारखी बसलेली असते. प्रोटामिन हळू, १०० युनिट हेपरिनला १ मिग्रॅ या हिशोबाने, बीपी खाली आणा, बलून हाताशी असेल तर वर नेऊन फ्लो थांबवा, आणि थांबत नसेल तर त्या बारीक फांदीत कॉइल किंवा ग्लू. टिरोफिबान चालू असेल तर ते आधी बंद करा, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतोय. मग टेबलावरच कोन-बीम सीटी, न्यूरोसर्जनला फोन, ईव्हीडीची तयारी.

नंतरचं

मोठ्या अ‍ॅन्युरिझममधे डिव्हाईस एकदम नीट बसलं तरी पुढच्या काही दिवसांत, आठवड्यांत उशिरा फुटण्याचा किंवा त्याच बाजूला मेंदूत लांब कुठेतरी रक्तस्राव व्हायचा धोका थोडा असतो, म्हणून अचानक डोकेदुखी म्हणजे "ताण असेल" असं म्हणून घरी बसू नका हे डिस्चार्जला स्पष्ट सांगा. अ‍ॅन्युरिझममधे क्लॉट होताना सूज येऊन आठवडाभर डोकं दुखणं, डोळा मिटणं वाढू शकतं, त्यासाठी बरेच जण थोडे दिवस स्टिरॉइड देतात.

केस नोटमधे सगळं लिहा, कुठे कंबर होती, बलून कितीदा फुगवला, कोणता बलून, दुसरं डिव्हाईस कुठपर्यंत. सहा महिन्यांनी अँजिओ करणारा माणूस तुम्हीच असाल असं नाही, आणि त्याला आतली नस बारीक दिसली तर ती पहिल्या दिवसापासूनची आहे की नंतर आत थर वाढून झालीये, हे त्या नोंदीवरूनच कळणार. नंतर वाढलेली असेल तर बऱ्याचदा दोन्ही गोळ्या चालू ठेवून नुसती वाट बघितली तरी कमी होते.

दुसरी गोळी (क्लोपिडोग्रेल किंवा तिच्या जागी दिलेली) साधारण सहा महिने, अँजिओ बघूनच बंद, अ‍ॅस्पिरिन पुढे चालू. डिस्चार्ज कार्डवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या की दात काढायचा असो, मोतीबिंदू असो, गावच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असो, या गोळ्या आम्हाला फोन केल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, आणि खाली लॅबचा नाही, जो खरंच उचलला जातो तो नंबर द्या.